गाळातली डोकी

शोभेचे मासे पाळणाऱ्या घरांत ब्लडवर्म आणि ट्युबिफेक्स ही दोन नावं रोजची असतात. दोन्ही लाल, दोन्ही चिखलात वाढणारे, त्यामुळे गिऱ्हाईक दोघांनाही सरसकट 'लाल किडे' म्हणून मोकळं होतं. साध्या भिंगाखाली मात्र हा गोंधळ उरत नाही. ट्युबिफेक्स गांडुळाच्या नात्यातला. त्याला वेगळं असं डोकं दिसत नाही आणि पायही नाहीत. ब्लडवर्मच्या पुढच्या टोकाला तपकिरी, कडक कवचाचं डोकं असतं, त्याच्या मागे आखूड मांसल पायांची एक जोडी, शेपटाकडे दुसरी, आणि या पायांच्या टोकांना बारीक आकडे. हा कृमी नव्हे, कायरोनोमिडी या कुलातल्या चिलटाची अळी आहे. मोठं झालेलं चिलट डासासारखं दिसतं पण चावत नाही. धरणाजवळच्या वस्तीत संध्याकाळी दिव्याभोवती जे थवे जमतात त्यांत ही चिलटं पुष्कळ असतात. अळीचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. किड्यांमध्ये ही चीज दुर्मिळ, आणि तिच्या जोरावर ही अळी प्राणवायू जवळजवळ संपलेल्या गाळातही तग धरते. अर्थात या कुलातल्या सगळ्याच अळ्या लाल नसतात. हिरवट, पिवळट, पांढुरक्याही असतात. इथवरची ओळख मिनिटाभरात पटते. पुढे मात्र वाट अवघड होते, कारण या कुलात आजवर वर्णन झालेल्या जाती सहा हजारांच्या वर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींची नावं पंख फुटलेल्या नराकडे पाहून ठेवलेली आहेत. अळी हातात घेऊन बसलेल्या माणसाला त्या नावांपर्यंत पोचायला सरळ रस्ता नव्हता. त्यातून अळीची ओळख दीडशे-दोनशे वर्षं अर्धवट राहिली, आणि गंमत अशी की तळ्यांचं शास्त्र उभं राहिलं ते याच अर्धवट ओळखीवर. माझं म्हणणं असं आहे की हा निव्वळ नाइलाज नव्हता. नाव किती बारीक हवं हे विचारलेल्या प्रश्नावर ठरतं, आणि या अळ्यांच्या अभ्यासाचा इतिहास हे जितकं स्पष्ट दाखवतो तितकं फार थोड्या जीवांचा दाखवत असेल.

नावं प्रौढावरून का पडली याचं उत्तर कपाटात आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला संग्राहक टाचणीला टोचलेल्या, वाळलेल्या किड्यांवर काम करी. माशी किंवा चिलट वाळवून वर्षानुवर्षं ठेवता येतं. अळी वाळली की सुरकुतून ओळखीपलीकडे जाते. लिनीयसने १७५८ मध्ये ज्या चिलटाला 'टिपुला प्लुमोसा' म्हटलं, तेच आजचं 'कायरोनोमस प्लुमोसस'. आखेनजवळच्या श्टोलबर्गमध्ये गरिबीत शिकवण्या करून राहणाऱ्या योहान विल्हेल्म मायगेनने द्विपंखी कीटकांचा सगळा पसारा लावला, तोही प्रौढांवरूनच. या मायगेनने पुढच्यांसाठी एक डोकेदुखी मागे ठेवली. १८०० सालच्या एका छोट्या पुस्तिकेत त्याने 'टेंडिपेस' हे प्रजातीचं नाव दिलं आणि १८०३ मध्ये त्याच गटाला 'कायरोनोमस' म्हटलं. ती पुस्तिका विस्मरणात गेली होती. १९०८ मध्ये हेंडेलने ती उकरून काढली आणि जुनं नाव खरं असा आग्रह धरला. मग काही जण टेंडिपेडिडी लिहू लागले, काही कायरोनोमिडी, आणि हे भांडण १९६३ मध्ये प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १८०० ची पुस्तिका बाद ठरवली तेव्हा कुठे मिटलं. कपाटातल्या चिलटांना अचूक नाव कोणतं यावर अर्धं शतक वाद चालला. त्याच अर्धशतकात नाल्याच्या काठी आणि तळ्यात होडीवर काम करणाऱ्यांच्या जाळीत येत होत्या त्या फक्त अळ्या, आणि या वादातून त्यांना मिळण्यासारखं काही नव्हतं.

लोरेनमधल्या बिच या गावी शिकवणारे पाद्री झां-झाक किफर हे त्या काळी या कुलातले मोठे जाणकार. जगभरातून त्यांच्याकडे चिलटं येत आणि ते भराभर नवी नावं देत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमनेही आपला संग्रह त्यांच्याकडे पाठवला. हिमालय आणि आसाममधल्या चिलटांवरचा त्यांचा लेख १९११ मध्ये म्युझियमच्याच नियतकालिकात फ्रेंचमध्ये छापून आला, आणि त्याच्या शीर्षकात वादातली दोन्ही कुलनामं शेजारी शेजारी आहेत. किफर यांची वर्णनं त्रोटक होती. ज्या नर-जननांगांच्या बारकाव्यावर पुढे जाती ठरू लागल्या त्यांचा तपशील त्यांच्याकडे फारसा सापडत नाही, आणि त्यांच्या संग्रहाचा बराच भाग नंतर हरवला. त्यामुळे त्यांनी दिलेली कित्येक नावं आज कुठल्या जीवाला लावायची हेच कळत नाही. नाव पूर्ण, लॅटिन, नियमानुसार छापलेलं. आणि तरीही निरुपयोगी. किफर यांना याचा सगळा दोष देणं अन्यायाचं होईल, त्यांच्या पिढीतले बहुतेक असंच काम करत. पण पूर्ण नाव मिळालं म्हणजे ओळख झाली, या समजुतीला त्यांचं उदाहरण चांगलंच छेद देतं.

अळीकडून नावाकडे जायचं तर अळी पाळावी लागते. १९०७ मध्ये म्युन्स्टरच्या कृषी प्रयोग केंद्रात मासेमारी आणि सांडपाण्याचे प्रश्न पाहायला आलेल्या आउगुस्ट टिनेमान यांना हे कामाच्या गरजेतूनच करावं लागलं. पाणी किती बिघडलं आहे हे त्यातल्या जीवांवरून सांगायची पद्धत कोल्कविट्स आणि मार्सन या दोघांनी तेव्हा नुकतीच मांडली होती, आणि घाण पाण्यातला ठळक जीव म्हणजे लाल अळी. टिनेमान यांची रीत अशी: एक अळी, एक काचेची कुपी. अळी चार वेळा वाढून कोशात जाते. शेवटची कात टाकताना तिच्या डोक्याचं कवच कुपीच्या तळाशी पडतं. कोशातून चिलट बाहेर आलं की कोशाची रिकामी कात पाण्यावर तरंगते. चिलट मारून ठेवलं की एकाच जीवाच्या तीन अवस्थांचे तीन पुरावे एका कुपीत जमले. यातून एखादीच अळी शेवटपर्यंत पोचली तरी तिचं डोकं आणि तिचं नाव यांची गाठ पक्की बसते. १९१० मध्ये टिनेमान यांनी सहकाऱ्यांना पाण्यावर तरंगणाऱ्या कोशाच्या काती गोळा करायचं आवाहनही केलं. वाऱ्याने एका काठाला लागलेल्या फेसात त्या शेकड्यांनी मिळतात, आणि तळ्यातून नुकतंच कोण कोण उडून गेलं याची आयती नोंद हाती येते. प्रौढांची नावं ते किफर यांच्याकडून घेत. पण झेक सहकारी यान झावर्झेल यांच्यासह त्यांनी शिकारी अळ्यांच्या टॅनिपॉडिनी गटाचं रूपांतर वर्णिलं, तेव्हा वर्गीकरणाचा भार अळी आणि कोशावर आला होता.

मग आलं आयफेल. जर्मनीच्या पश्चिमेकडच्या या डोंगराळ भागात ज्वालामुखीच्या स्फोटांनी झालेली गोल, खोल तळी आहेत. तिथे त्यांना 'मार' म्हणतात. दाउन गावाजवळची तीन मार तर एकमेकांना खेटून आहेत, वाइनफेल्डर आणि शाल्केनमेरेनर यांच्यात फक्त एक अरुंद डोंगरधार आहे. तरी पुल्व्हरमार आणि वाइनफेल्डर यांसारख्या तळ्यांचं पाणी तळापर्यंत निर्मळ, आणि काठावर गाव-शेती असलेल्या शाल्केनमेरेनरमध्ये किंवा होल्त्समारमध्ये उन्हाळ्यात तळाजवळ प्राणवायू संपत येतो. टिनेमान यांनी तळाचा गाळ उपसून चाळला तेव्हा पहिल्या प्रकारच्या तळ्यांत त्यांना टॅनिटार्सस गटातल्या अळ्या मिळाल्या आणि दुसऱ्यांत कायरोनोमसच्या लाल अळ्या. खोल पाण्यातला प्राणवायू आणि तळाचे जीव यांचा संबंध मांडणारा त्यांचा लेख १९१३ मध्ये आला, आयफेलच्या चिलटांवरचा सविस्तर लेख १९१५ मध्ये. तळ्याची जात ओळखायला त्यांना अळीची जात लागली नाही, प्रजाती किंवा त्याहून मोठा गट पुरला. पुढे लुंडच्या आयनार नाउमान यांनी पोषक क्षारांच्या बाजूने याच विभागणीकडे वाट काढली, आणि १९२२ मध्ये दोघांनी मिळून गोड्या पाण्याच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. अन्नसंपन्न आणि अन्नविरळ तळी ही आज शाळेच्या पर्यावरणाच्या पुस्तकापर्यंत पोचलेली विभागणी घडवण्यात नाव अर्धंच ठाऊक असलेल्या अळ्यांचा वाटा मोठा होता.

अळीचा गट ओळखायचा कशावरून, ते जवळून पाहण्यासारखं आहे. डोकं पोटाच्या बाजूने वर करून काचपट्टीवर दाबलं की हनुवटीच्या जागी काळसर दातेरी पट्टी दिसते. कायरोनोमसमध्ये मधला दात तीन टोकांचा आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा दात. पट्टीच्या दोन्ही अंगांना पंख्याच्या आकाराचे, बारीक रेघांचे दोन पापुद्रे. टॅनिटार्ससच्या गटात हे पापुद्रे आडवे पसरून मध्यभागी जवळजवळ एकमेकांना भिडतात. शिवाय शृंगिका लांब, उंचवट्यावर उभी, आणि तिच्या दुसऱ्या पेराशी दोन इवले अवयव, पुष्कळदा लांब देठांवर. हे अवयव 'लाउटरबोर्नचे अवयव' म्हणून ओळखले जातात, आणि १९०५ मध्ये या अळ्यांवर लिहिणाऱ्या रोबेर्ट लाउटरबोर्न यांचं नाव त्यांना चिकटलं आहे. ऑर्थोक्लॅडिनी गटात पापुद्रे अरुंद आणि बिनरेघांचे. टॅनिपॉडिनी या शिकारी अळ्यांत दातेरी पट्टी ठळक नसतेच, तिच्याऐवजी तोंडात बहुधा पाच दातांची लहानशी जीभ असते आणि शृंगिका डोक्याच्या आत ओढून घेता येते. डोकं सगळं मिळून मिलिमीटरच्या काही अंशांचं. पण ते कायटिनचं आहे, कुजत नाही, आणि ज्या खुणांवर गट ठरतात त्या बहुतेक त्याच्यावरच आहेत. पुढे या योगायोगाचं मोल फार वाढलं.

टिनेमान यांचे विद्यार्थी फ्रीडरिश लेन्त्स यांनी अळीच्या खुणा आणखी बारीक केल्या. कायरोनोमस अळीच्या शेवटच्या काही खंडांवर बोटासारख्या मऊ नळ्या असतात. त्या किती, कुठे आणि किती लांब यावरून त्यांनी अळ्यांचे 'प्लुमोसस', 'थुम्मी', 'सॅलिनॅरियस' असे प्रकार पाडले. हे प्रकार म्हणजे जाती आहेत असा दावा नव्हता. एका प्रकारात अनेक जाती बसू शकत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले एफ. डब्ल्यू. एडवर्ड्स यांना असली अर्धी नावं पसंत नसावीत. १९२९ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या चिलटांचा प्रौढांवर आधारलेला मोठा आढावा छापला आणि ऑर्थोक्लॅडिनीतल्या बहुतेकांना 'स्पॅनिओटोमा' या एकाच ऐसपैस प्रजातीत कोंबलं. अळ्यांवाल्यांच्या यादीत तिथे अनेक प्रजाती होत्या. काही काळ एकाच जीवाला दोन पद्धतींत दोन नावं होती. कुणाची बरोबर, असा प्रश्न त्या काळी विचारला गेला. खरं तर दोघांना दोन वेगळी कामं करायची होती. स्वीडनच्या लार्स ब्रुंडिन यांनी १९५६ मध्ये अळी, कोश आणि प्रौढ तिन्ही एकत्र घेऊन ऑर्थोक्लॅडिनीची मांडणी केली आणि दोन्ही याद्या एका धाग्यात ओवल्या. टिनेमान यांचा 'कायरोनोमस' हा ८३४ पानांचा ग्रंथ १९५४ मध्ये आला तोवर हे भांडण विझत चाललं होतं.

इथे पहिला आणि सगळ्यात जड आक्षेप येतो. 'प्रकार' म्हणजे अज्ञानाला दिलेलं सभ्य नाव नाही का? आक्षेपाला पुरावा आहे, आणि तो याच अळीच्या पोटात सापडला. १८८१ मध्ये बाल्बियानीने कायरोनोमस अळीच्या लाळग्रंथीत पट्टेदार, अवाढव्य गुणसूत्रं पाहिली होती. त्यांचा अर्थ १९३३ नंतर उलगडला, आणि मग पट्ट्यांच्या क्रमावरून जाती ओळखता येतात हे ध्यानात आलं. कार्ल श्ट्रेंट्सके यांनी १९५९ मध्ये उत्तर जर्मनीतल्या पंधरा जाती-उपजातींची फेरमांडणी केली. हान्स-गेओर्ग काइल यांनी गुणसूत्रं तपासली तेव्हा बाहेरून जवळजवळ एकसारख्या 'थुम्मी' आणि 'पिगेर' यांच्यातला फरक पट्ट्यांत स्वच्छ दिसला. म्हणजे नळ्या आणि दात मोजून जे एक दिसत होतं ते एक नव्हतं. हे मान्यच करायला हवं. आणखीही एक मान्य करायला हवं: खोल तळ्यांची उतरंड लावताना कायरोनोमस म्हणून थांबणं पुरलं नाही, 'अँथ्रासिनस' आणि 'प्लुमोसस' वेगळे करावे लागले, कारण दुसरा पहिल्यापेक्षा अधिक बिघडलेल्या तळ्यांचा. तरीही आक्षेपाने जे सिद्ध होतं ते इतकंच की ओळख आणखी बारीक होऊ शकते. जाडी ओळख चुकीचं उत्तर देते, हे त्यातून निघत नाही. आयफेलच्या तळात प्राणवायू आहे की नाही या प्रश्नाचं टिनेमान यांनी दिलेलं उत्तर काइल यांच्या गुणसूत्रांनी खोटं पाडलं नाही. ओले सेथर यांनी १९७९ मध्ये तळ्यांचे पंधरा प्रकार चिलटांच्या समूहांवरून लावले ते टिनेमान यांच्याच चौकटीचे बारीक भाग करून.

माझ्या बाजूचाच पुरावा गोळा करत बसू नये म्हणून उलट उदाहरणही पाहिलं पाहिजे. ब्रुंडिन यांनी दक्षिण गोलार्धातल्या थंड डोंगरी ओढ्यांतली चिलटं जमवली आणि १९६६ मध्ये त्यांच्या नात्यांची मांडणी हेनिग यांच्या वंशशाखांच्या पद्धतीने केली. ऑस्ट्रेलियातल्या गटांचे जवळचे नातलग दक्षिण अमेरिकेत निघाले. इतकी नाजूक, थंड वाहत्या पाण्याला बांधलेली चिलटं महासागर उडून ओलांडतील हे पटण्यासारखं नव्हतं. जमीनच एकेकाळी सलग होती हे उत्तर उरत होतं. भूखंड सरकतात हे भूशास्त्रज्ञ नुकतेच गंभीरपणे मानू लागले होते, त्या सुमारास एका कीटकशास्त्रज्ञाने गोंडवनाच्या बाजूने दिलेली ही साक्ष होती. इथे 'टॅनिटार्सस गटातली एक अळी' म्हणून भागलं नसतं. प्रत्येक जात, तिच्या तिन्ही अवस्था, प्रत्येक लक्षण जुनं की नवं याचा हिशेब, सगळं लागलं. कारण प्रश्न नात्याचा होता. तळ्याच्या तब्येतीचा प्रश्न नात्याचा नसतो. तिथे कोण कसं जगतं एवढं कळलं तरी पुष्कळ.

आता गाळाकडे. येल विद्यापीठात हचिन्सन यांच्या हाताखाली काम करणारे एडवर्ड डीव्ही यांनी कनेक्टिकटच्या लिन्स्ली पाँड या तळ्याच्या तळातून गाळाचा उभा नमुना काढला आणि १९४२ मध्ये त्यातल्या अळ्यांच्या डोक्यांचा क्रम छापला. खालच्या, जुन्या थरांत टॅनिटार्सस गटाची डोकी, वर कायरोनोमसची. आयफेलमध्ये जे दोन तळ्यांत दिसलं होतं ते इथे एकाच तळ्यात काळाच्या ओळीने दिसत होतं. लेन्त्स यांच्या मऊ नळ्या इथे कामाच्या नाहीत, त्या कधीच विरघळलेल्या; उरतात दात, पापुद्रे, जबडे. आजची रीत साधारण अशी आहे: गाळ कोमट पोटॅशमध्ये सैल करायचा, मायक्रॉनच्या नव्वद-शंभरीच्या जाळीवर धुवायचा, उरलेलं ताटलीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक डोकं उचलायचं आणि पालथं पडलेलं असेल तर हनुवटी वर करून पट्टीवर बसवायचं. एका थरातून किमान पन्नास डोकी मिळावीत असं मानतात. कित्येक डोकी मधोमध फाटलेली असतात, तेव्हा अर्धं डोकं अर्धं म्हणूनच मोजतात. ब्रूक्स, लँगडन आणि हाइरी यांनी २००७ मध्ये या कामासाठी जी पुस्तिका काढली तिच्यात शेकडो नोंदी '-प्रकार' अशाच आहेत. अँथ्रासिनस-प्रकार आणि प्लुमोसस-प्रकार तिथे डोक्यावरच्या दातांच्या बारकाव्यांवरून वेगळे केले आहेत. लेन्त्स यांची पद्धत अशी मागच्या दाराने परत आली, फक्त नळ्यांऐवजी दातांवर.

डोकी एका गोष्टीची साक्ष देतात की दुसऱ्या, यावर मात्र खरा वाद झाला. इयन वॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये न्यू ब्रन्सविकमधल्या स्प्लॅन पाँडच्या गाळातल्या डोक्यांवरून हिमयुगाच्या शेवटी आलेल्या, सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या अचानक थंडीचा माग काढला. त्यांचं म्हणणं, अळ्यांची वाटणी उन्हाळ्याच्या तापमानाशी सगळ्यात घट्ट बांधलेली आहे. लगेच पुढच्या वर्षी हॅन, वॉर्नर आणि वॉरविक यांनी हरकत घेतली. खोली, अन्न, गाळाचा पोत, प्राणवायू हे सगळं तापमानाबरोबर बदलतं, मग श्रेय एकट्या तापमानाला का? हरकत रास्त होती आणि ती अजून पूर्ण मिटलेली नाही. पण दोन्ही बाजूंचा आकडा एकाच जाड्या ओळखीवर उभा होता हे लक्षात घ्यायला हवं. नाव बारीक केल्याने हा वाद सुटला नसता. कुठली तळी, किती खोलीवरून आणि कशाशी जोडून तपासली याने तो थोडाफार सुटत गेला. उथळ तळ्यांतून तापमान आणि खोल, उन्हाळ्यात पाण्याचे थर पडणाऱ्या तळ्यांतून प्राणवायू बरा वाचता येतो, अशी एक व्यवहारी समजूत त्यातून तयार झाली.

दातांवरून ओळखणाऱ्याला आणखी एक धास्ती असते. दातच चुकीचे असले तर? गाळ चघळून ते झिजतात, आणि काही अळ्यांत ते मुळातच वाकडे असतात: मधला दात गायब, एखादा जास्तीचा, पट्टीत मोठी खाच. हॅमिल्टन आणि सेथर यांनी १९७१ मध्ये कॅनडाच्या काही तळ्यांतल्या अशा व्यंगांची नोंद केली आणि बोट ठेवलं ते कारखान्यांच्या आणि शेतीच्या रसायनांवर. वॉरविक यांनी ओंटारिओ सरोवराच्या क्विंटे उपसागरातला २,८०० वर्षांचा गाळ वाचला आणि जुन्या डोक्यांशी नव्या डोक्यांची तुलना केली. ओळखीच्या आड येणारा दोष असा स्वतःच पुरावा झाला. इथेही जपून बोलावं लागतं. स्वच्छ पाण्यातही थोड्या अळ्या वाकड्या दातांच्या निघतात, त्यामुळे आकडा मोठा आहे हे सांगण्याआधी साधा आकडा किती हे त्याच भागात ठाऊक हवं, आणि पुष्कळ अभ्यासांत नेमकं तेच नसतं.

डीएनए आल्यावर हा सगळा खटाटोप मोडीत निघाला, असं आता ऐकू येतं. २००३ नंतर जनुकाच्या एका तुकड्यावरून जात सांगायची पद्धत रुळली आणि जिवंत अळ्यांच्या बाबतीत तिने काइल यांचं काम कितीतरी सोपं केलं. ते नाकारायचं कारण नाही. पण तिथेही शहाणे प्रयोगशाळावाले अळीचं धड डीएनएसाठी वापरतात आणि डोकं पट्टीवर जपून ठेवतात, कारण यादीत जुळणी नाही निघाली तर परत बघायला डोकंच हवं. गाळातून डीएनए काढण्याचे प्रयत्न चालू आहेत; हजारो वर्षांपूर्वीच्या थरांत ते डोक्यांइतकं भरवशाने हाती लागेल अशी स्थिती आज नाही. शिवाय ज्या जातीचा नमुना कुणी आधी ओळखून यादीत घातला नाही, तिचा डीएनए मिळूनही तो निनावीच राहतो. किफर यांच्या नावांना जीव हरवलेला होता, इथे जीव आहे आणि नाव नाही.

भारतात ही अडचण दुहेरी आहे. किफर यांनी कलकत्त्याच्या संग्रहावरून दिलेली नावं प्रौढांची. त्यांच्या अळ्या कोणत्या हे ठरवायचं काम बर्दवान विद्यापीठातल्या अभ्यासकांसारख्या थोड्यांनी चिकाटीने पुढे नेलं, पण देश मोठा आहे. इकडे गाळातलं किंवा नाल्यातलं डोकं ओळखायला हाताशी असतात त्या ओळख-चाव्या बहुतेक उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांसाठी लिहिलेल्या. गट ओळखण्यापुरत्या त्या चालतात. दात आणि पापुद्रे सगळीकडे तेच. चुकतं ते पुढच्या पायरीला. चार अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण तेरा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, पंचवीस अंशाला जेमतेम सव्वाआठ, आणि उष्ण पाण्यात कुजणंही झपाट्याने होतं. टिनेमान स्वतः १९२८-२९ मध्ये रुटनर आणि फॉयरबोर्न यांच्यासह जावा, सुमात्रा, बालीच्या तळ्यांवर गेले होते. उष्ण प्रदेशातल्या खोल पाण्यात प्राणवायू सहज संपतो हे त्या मोहिमेत पुढे आलं. तेव्हा आपल्याकडच्या जलाशयाच्या तळात कायरोनोमस मिळाला म्हणजे तिथे सांडपाणी शिरलं असा निष्कर्ष युरोपच्या तक्त्यावरून काढला तर तो घाईचा ठरेल. महाराष्ट्रात तर लोणारसारखा अपवाद सोडला तर बहुतेक तळी म्हणजे बांधलेले तलाव आणि धरणं. पावसाळ्यात भरतात, उन्हाळ्यात काठ मैलभर मागे सरतो, आणि उथळ पाण्यातली डोकी खोल गाळात वाहून येतात. अशा ठिकाणी लाल अळीचं पूर्ण लॅटिन नाव शोधण्याआधी, एका धरणाच्या वेगवेगळ्या खोल्यांवर वर्षभर प्राणवायू मोजत, तिथल्या अळ्या एकेका कुपीत वाढवून त्यांची डोकी पट्टीवर बसवण्याचं काम करायला हवं. त्यातल्या निम्म्या पट्ट्यांवर 'प्रकार' एवढंच लिहिलेलं असलं तरी चालेल.